अंगावरची होडी

कोकणात माणसं देवाला जातात, आंब्याला जातात, माशांना जातात. मी एक झगा आणायला गेलो होतो. झगा लाकडाचा आहे असं घरी सांगितलं तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, "वाळवी लागलेली नाही ना?" आणि ती पुन्हा भाजी निवडायला लागली. माझ्या हातून काहीतरी विपरीत होणार ही तिची खात्री लग्नापासूनची आहे. विपरीत कुठल्या दिशेने होईल एवढंच तिला कधी सांगता येत नाही.

विजया आणि मी मुंबईच्या कलाशाळेत एका वर्गात होतो. तिथून निघालो तो मी नाटकवाल्यांच्या कपड्यांत शिरलो. अंगरखे, जिरेटोप, आणि कागदाच्या लगद्याची चंदेरी चिलखतं. माझं चिलखत घातलेला एक सरदार घामाने एवढा भिजला, की शत्रू प्रवेश करायच्या आधीच त्याची छाती विरघळून विंगेत पडली. विजू मात्र रत्नागिरीला परत गेली आणि लाकडाचे नि चामड्याचे कपडे करू लागली. नुसते बघायचे नव्हेत, अंगावर घालायचे. ही सगळी ऐंशी सालानंतरची गोष्ट. तेव्हा मुंबईत फॅशन म्हणजे खांद्यात कापूस भरलेले झंपर, आणि विजू तिकडे खांद्यावर नांगराएवढं लाकूड चढवत होती.

तिचा एक झगा मुंबईच्या एका कलादालनाने फोटोवरून प्रदर्शनासाठी निवडला होता. तिने ट्रंक कॉल केला. "सुध्या, तू ये आणि मांडीवर बसवून घेऊन जा. पार्सलाने टपावर टाकला तर मुंबईला जळण पोचेल." शिमगा जवळ आला होता, नाटकं बंद होती, आणि तिच्या आईच्या हातच्या बांगड्याची कीर्ती मी वर्गात ऐकली होती. मी निघालो.

वारे

रात्रभराच्या एसटीविषयी लिहीत नाही. ज्यांनी तो प्रवास केलाय त्यांची हाडं तो विसरलेली नाहीत आणि ज्यांनी केला नाही त्यांचं काही बिघडलेलं नाही. रत्नागिरीहून दुसरी गाडी धरली. आधी सडा लागला, म्हणजे मैलोन्‌मैल काळा, भाजलेल्या भाकरीच्या पाठीसारखा कातळ. मग रस्ता एकदम उतरला आणि डाव्या हाताला आख्खा समुद्र आला. मी मूळचा सांगलीकडचा. आम्हा देशावरच्या माणसांना समुद्र दिसला की गप्प बसवत नाही. मी "अहाहा" म्हणालो. शेजारी मासळीची टोपली घेऊन बसलेल्या बाईने माझ्याकडे काळजीने पाहिलं. "काय झाला? पोटात दुकतंय?"

विजूचं घर वारे गावाच्या अलीकडे, नारळी-पोफळीच्या आगरात. चिऱ्याच्या भिंती, पुढे शेणाने सारवलेलं खळं. तिची आई, म्हणजे माझ्यासाठी लगेच मावशी, खळ्यातच उभी होती. तिने मला वरपासून मध्यापर्यंत पाहिलं आणि मध्यावर जरा थांबली.

"ह्येच काय तुजे नाटकवाले?"

"हो गं आई. सुधाकर."

"बरा हाय. खात्यापित्या घरचा दिसतोय."

त्या खात्यापित्या घराची लाज राखायची म्हणून मी जेवायला बसलो. ओल्या काजूची उसळ, तांदळाची भाकरी, बांगड्याचं तिखलं. गुलाबी सोलकढी आली ती मला सरबत वाटली आणि मी चमचाभर साखर मागितली. मावशींनी साखरेचा डबा आणला, माझ्यापुढे ठेवला, आणि मी घालतो का ते बघायला समोर बसल्या. मी घातली. मग प्यायलोही. त्या दिवसापासून त्यांच्या मनात माझ्याविषयी एक प्रकारची दया निर्माण झाली, ती पुढे फार उपयोगी पडली.

जेवण झाल्यावर विजूने मागच्या पडवीत नेलं. मागून मावशी आल्या. "बग बाबा. दर्यात सोडायची ती होडी ही पोरगी अंगावर घालतंय."

मी पाहिलं आणि या वेळी "अहाहा" गिळला.

विजूचे वडील होड्या दुरुस्त करायचे. ते गेल्यावर पडवीत फणसाच्या लाकडाच्या वाकवलेल्या फासळ्या तशाच राहिल्या होत्या. विजूने त्या तासून तासून एवढ्या पातळ केल्या होत्या की उजेडात धरल्या तर कडेने मधासारख्या दिसत. छातीपासून कमरेपर्यंत त्या फासळ्या एकमेकींशेजारी उभ्या, आणि त्यांना आतून धरणारं अखंड चामडं. पाठीवर चामड्याच्याच वादीची गुंफण. कमरेखाली चामड्याच्या पाकळ्या, भरतीच्या लाटेने वाळूवर काढावेत तशा वळणांच्या. आणि डाव्या खांद्यावरून होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, उठावी तसा एक लाकडी बाक कानाच्याही वर गेलेला. सगळं चढवलेलं होतं पांगाऱ्याच्या लाकडातून कोरलेल्या एका धडावर. पांगारा हलका, म्हणून. ती पांगाऱ्याची बाई अतिशय सडपातळ होती. तिला डोकं नव्हतं, पण असतं तर तिने साखरेची सोलकढी प्यायली नसती.

"चामड्याला वळण कसं देतेस?" मी विचारलं.

"भिजवायचं. भिजलं की ते ऐकतं. मग ज्याच्यावर ताणून वाळवशील त्याचा आकार धरतं. एकदा वाळलं की तो आकार सोडत नाही."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं. मी काजूचा विचार करत होतो.

मावशी म्हणाल्या, "काय ता वळण नि काय ता बाक. लाकडाची चोळी घालून बाई बसायची कशी, चालायची कशी? देवरुखच्या शाळेत चित्रकलेची जागा हाय. मास्तरीण हो म्हटलं. शिमगा झाला की त्यांना कळवायचा हाय."

विजू म्हणाली, "कळवू ना. आधी मुंबईचं होऊ दे."

दोघींचा हा तह होता, तो मला रात्री उमगला. मुंबईने झगा मांडला तर विजू पडवीत काम करत राहणार. मुंबईने नाकारला तर जूनपासून देवरुख, आणि पडवीत पुन्हा जळण. मावशी वाईट नव्हत्या. पोरीचं बरं व्हावं एवढंच त्यांना वाटत होतं, आणि लाकडाच्या चोळीने कुणाचं बरं झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

सोंग

दुसऱ्या दिवशी सकाळी विजूने चामडं शेवटचं भिजवलं, पांगाऱ्याच्या बाईवर नीट बसवलं आणि ती पितळी कड्या आणायला रत्नागिरीला निघाली.

"सावलीतच वाळू दे. ऊन लागलं तर आखडेल. आणि हात लावू नकोस."

"मी काय लहान आहे?"

"लहान असतास तर आईला सांभाळायला सांगितलं असतं."

ती गेली. मावशीही गेल्या, गावात पालखी यायची होती. पडवीत मी आणि ती बाई. मी बराच वेळ हात लावला नाही. पण मावशींचा प्रश्न डोक्यातून जाईना. बसायचं कसं, चालायचं कसं? नाटकाच्या कपड्यांत आमचा साधा दंडक असतो. ज्यात बसता येत नाही तो कपडाच नव्हे. विजूने हा झगा कुणाला घालून चालवलेलाच नव्हता! उद्या मुंबईत एखादी मुलगी तो घालून कोसळली म्हणजे? कुणीतरी आधी चालून बघायला हवं. घरात दुसरं कुणी नव्हतं. माझ्या साऱ्या चुकांमागे असाच एखादा उदात्त विचार उभा असतो.

ओलं चामडं स्वभावाने गरीब. ओढाल तेवढं येतं. माझं पोट त्याने आत घेतलं, जरा कण्हलं आणि गप्प बसलं. प्रश्न पाठीवरच्या वादीचा होता. हात पोचेना. मग मी एक युक्ती केली, आणि त्या युक्तीचा मला पुढची दहा मिनिटं अभिमानही वाटला. वादीची टोकं गाठ मारून पडवीच्या खांबाला अडकवली आणि बैलासारखा पुढे चाललो. वादी कचकचून आवळली गेली. गाठही.

आरसा माजघरात होता, पण खांद्यावरची नाळ दारातून आत जाईना. तिरका गेलो, पाठमोरा गेलो, वाकायला गेलो तर फासळ्यांनी परवानगी दिली नाही. शेवटी विहिरीवर गेलो आणि पाण्यात पाहिलं. खाली एक लढाऊ गलबत मान वर करून माझ्याकडे बघत होतं. मी खूश झालो. विहिरीभोवती फेऱ्या मारल्या. चालता येत होतं! फासळ्या एकमेकींवर हलक्या वाजत होत्या. समुद्रावरून वारा येत होता, ऊन छान पडलं होतं.

ऊन.

आठवण झाली तेव्हा चामडं गरिबी सोडू लागलं होतं. पाठीमागे हात नेऊन गाठ चाचपली, ती दगड झाली होती. सावलीत पळालो. तिथेही वारा होताच. मी मावशींना हाक मारली, पण हाकेला लागणारी हवा छातीत मावेना. तेव्हा मावशी जिथे होत्या तिथे मीच जायचं ठरवलं. आता सांगताना कळतं, विहिरीत उडी मारली असती तरी बरं झालं असतं.

मावशी सहाणेवर होत्या. सहाण म्हणजे गावातला चौथरा, शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी तिथे येऊन बसते. आमच्याकडे होळी पेटली, पोळी खाल्ली, शंख केला की संपलं. इथे शिमगा दिवसेंदिवस चालतो, आणि आमच्याकडे माणसं देवाच्या दारी जातात तर इथे देव पालखीत बसून माणसांच्या घरी जातो, ओटी घेतो, चौकशी करतो. पालखीबरोबर खेळे असतात, सोंगं असतात. काळा झगा, पांढरी दाढी नि डोक्यावर निमुळती टोपी घातलेला संकासुर असतो. दारोदार नाचायचं आणि शिमग्याचं पोस्त घ्यायचं, नारळ, तांदूळ, पोळी, जे मिळेल ते.

अशा त्या गर्दीत, भर दुपारी, सड्याच्या उतारावरून मी अवतरलो.

"आला रं आला! सोंग आला!"

"खयच्या वाडीचा?"

"मुंबैचा दिसतोय. बग कसा चालतोय. गुडघे वाकवीत नाय."

ढोलवाल्यांनी ठेका बदलला. मी सुटकेसाठी हात हलवले, लोकांना ते फार आवडलं. गर्दी संकासुराला सोडून माझ्याकडे वळली. संकासुर दाढी वर करून पुढे आला. "पालकीच्या पुढ्यात माज्याबिगर कोन नाचतोय?" मागून फेटा बांधलेले एक वयस्कर मानकरी आले. मान म्हणजे मान. परक्या वाडीच्या सोंगाने त्यांना विचारल्याशिवाय सहाणेवर यायचं नाही, हा रिवाज.

"नाव काय? कोनाला इचारून आलास?"

मी "सुधाकर" म्हणायला गेलो. "सु" बाहेर आलं, बाकीचा मी आतच राहिलो. दोन्ही हात पाठीकडे नेऊन दाखवले, डोळे फिरवले.

"मुका दाखवलाय," कुणीतरी कौतुकाने म्हणालं. "चांगला करतोय."

मानकऱ्यांचाही राग जरा उतरला. कला त्यांनाही कळत होती. एका बाईने माझ्या हातात नारळ दिला. तो निसटून पायाशी पडला आणि मी त्याच्याकडे नुसता बघत राहिलो, कारण खाली वाकणं आता माझ्या हातात नव्हतं. लोक हसून हसून बेजार झाले. शेवटी संकासुरानेच वाकून नारळ उचलला आणि माझ्या काखेत खोचला. जवळ आल्यावर दाढीआडून हळूच म्हणाला, "दमानं घे. पयला शिमगा हाय ना तुजा?"

तेवढ्यात गर्दीतून मावशी आल्या. मला पाहिलं, पदर तोंडावर गेला, आणि त्या खाली बसून हसू लागल्या. हसता हसता उठल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला. हात गाठीवर आला आणि हसू थांबलं.

"ओला असताना घातलंस?"

मी मान हलवली.

"नि उन्नातनं आलास?"

मी मान हलवली.

"मेल्या! आता ह्या सुटायचा कसा?"

ढोल थांबले. खाडीत माणसं पार नेणारी तर चालवणारे दाऊदभाई पालखी बघायला आले होते. त्यांनी कमरेची सुरी काढली. "काकी, बाजूला व्हा. पाठीची दोरी कापतो, मानूस मोकळा."

आणि मावशी माझ्या पाठीशी उभ्या राहिल्या. माझ्या नव्हे, झग्याच्या.

"सुरी लावायची नाय."

"अवो, मरंल तो."

"मरत नाय. बोलत नाय एवढाच."

"काकी, कालपतुर तुमीच सगळ्यांना सांगत होता, चुलीत घालीन ही लाकडा म्हनून!"

"मी म्हनीन. तू कोन?" मावशींचा हात फासळीवर होता. "दोरी कापलीस की सगळ्या फासळ्या ढिल्या व्हतील. तिच्या बापसानं राखलेला लाकूड हाय ह्या. नि पोरीनं दोन पावसाळे तासलंय. ठेव ती सुरी."

दाऊदभाईंनी सुरी ठेवली. मी मधे उभा होतो आणि माझ्या प्राणांबद्दल चाललेली ही चर्चा ऐकत होतो. खरं सांगतो, श्वास घेता येत नव्हता तरी त्या क्षणी मला मावशींचंच म्हणणं पटलं.

एसटी तिठ्यावर थांबली आणि विजू उतरली.

डोण

तिने गर्दी पाहिली, मग नाळ पाहिली, मग मला. ओरडली नाही. ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

"श्वास येतोय?"

"थो... डा."

"तेवढा पुरे." मग मागे वळून म्हणाली, "याला पाण्यात घालायला हवा."

"दर्यात नेऊया," दाऊदभाई म्हणाले. "पुढ्यातच हाय."

"खारं पाणी नको, चामडं तडकेल. आमच्या डोणीत घालू."

डोण म्हणजे विहिरीशेजारची दगडी पन्हळीसारखी टाकी, गुरांना पाणी प्यायला आणि पोफळींना शिंपायला. तिकडे आमची मिरवणूक निघाली. पुढे विजू, मध्ये मी, मागे ढोल, कारण ढोलवाल्यांना आता रिकामं बसवेना. मी एवढी नाटकं केली, पण माझ्या मागे एवढे प्रेक्षक कधी आले नव्हते. पालखीचीही वाट तीच होती असं मानकऱ्यांनी जाहीर केलं.

मला आडवा डोणीत ठेवला. थंडगार पाणी, वर पोफळींची झुलती टोकं, आणि पलीकडच्या कडेने एक म्हैस. ती प्यायला आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि प्यायचा विचार पुढे ढकलला.

"लाकूड फुगंल ना गो?" मावशींनी विचारलं. विजूने उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणाल्या, "होडीला पान्याचा भ्या कसला."

हळूहळू चामडं पुन्हा गरीब झालं. पहिला पुरा श्वास आला तेव्हा मी काय बोललो असेन? "नारळ कुठाय?" असं म्हणालो म्हणे. दाऊदभाईंनी जाळं विणायच्या सुईने गाठ उकलली आणि मी बाहेर आलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संकासुरानेही.

गर्दी पांगली, पालखी पुढच्या घरी गेली. विजूने ओला झगा पांगाऱ्याच्या बाईवर चढवला.

चामडं माझ्या पोटावर ताणलं गेलं होतं ते मागे यायला तयार नव्हतं. त्या सडपातळ बाईच्या कमरेवर त्याला चुण्या पडल्या, मोठ्या माणसाचा सदरा घातलेल्या पोरासारखी ती दिसू लागली. फासळ्या मधे फाकल्या होत्या. विजूने दोनदा ओढून पाहिलं, दाबून पाहिलं, आणि ती डोणीच्या कडेवर बसली.

"फोटोत आहे तो झगा आता नाही," एवढंच म्हणाली.

मी एरवी फार बोलतो. त्या संध्याकाळी 'माफ कर' एवढंच म्हणालो, तेही डोणीतल्या पाण्याकडे बघून. विजू हाताला लागलेलं कुसळ काढत बसली होती. देवरुखचं नाव काढायची मावशींना याहून चांगली संधी मिळाली नसती. मी वाटच बघत होतो. मावशी दारात आल्या, पोरीच्या पाठीकडे बघत जरा उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वाईच च्या टाकतंय," आणि आत गेल्या.

जेवणानंतरचं पोट

सकाळी मी माझी पिशवी भरत होतो तर विजू आली. "सदरा काढ."

"का?"

"झगा घाल. वाळेपर्यंत आत उभा राहा. सावलीत."

मला वाटलं, शिक्षा आहे. मी निमूट सदरा काढला. ती म्हणाली, "काल गाडीतून उतरले तेव्हा लांबून मला तू दिसला नाहीस, फासळ्या दिसल्या. त्या हलत होत्या. तू धापा टाकत होतास ना, तशा वरखाली. दोन वर्षं मी त्या बाईच्या अंगावर त्यांच्याकडे बघतेय. त्या कधी हलल्या नव्हत्या. तिला श्वासच नाही रे."

"पण मुंबईवाल्यांनी फोटो बघून निवडलाय. त्यांनी नको म्हटलं तर?"

"तर देवरुख. पोरांना पहिला धडा शिकवेन, ओल्या चामड्याला हात लावू नका."

हसली आणि झगा चढवू लागली. या वेळी वादी ढिली ठेवली, गाठ सुटती मारली. फाकलेल्या फासळ्यांमधे तिने आणखी एक फासळी बसवली, वडिलांच्याच लाकडातली. मग मला पडवीच्या मधोमध उभं केलं, हात जरा वर, दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखे.

उभा राहिलो. दुपार झाली. मावशी ताट घेऊन आल्या आणि थबकल्या. "बायो, जेवनाआधीचा पोट होवा काय नंतरचा?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. विजू मात्र कपाळाला आठी घालून खरंच विचार करू लागली. "नंतरचं," ती म्हणाली. "आधीचं ठेवलं तर घालणारीनं जेवायचं कधी?"

मग मावशींनी मला भरवलं. नारळाच्या रसात बुडवलेली पुरणपोळी, घास घास. नारळ कालचाच, माझ्या कमाईचा. आणखी एक, आणखी अर्धी. "वाईच घे. इथं डाव्या बाजूला खाली वाटतंय," असं म्हणून त्या फासळीखाली बोट लावून बघत. मी कलेसाठी खूप भोगलं असं म्हणणारे लोक मला भेटले आहेत. मीही भोगलं. पाच पोळ्या.

संध्याकाळी एक सडसडीत गृहस्थ चप्पल वाजवत आले. मुंबईला एका छापखान्यात नोकरीला, शिमग्यापुरते गावी आलेले. ओळख पटेना. "काल नारळ मी उचलला," ते म्हणाले. दाढीशिवाय संकासुर अगदीच सज्जन दिसत होता. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. "पुढच्या शिमग्याला या. पन मानकऱ्यांना सांगून या."

वादी सुटली तेव्हा झगा माझ्या अंगावरून उतरला, पण माझं पोट त्यातच राहिलं. हुबेहूब. पडवीत तो नुसता टेकवून ठेवला होता तरी आत कुणीतरी जेवून निवांत उभं असल्यासारखं वाटे.

निघताना मावशींनी झगा स्वतःच्या वाकळेत गुंडाळला. एसटीत तो माझ्या मांडीवर, नाळ खिडकीबाहेर. कंडक्टरने गाठोड्याकडे पाहिलं, पोटाच्या फुगवट्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून विचारलं, "आजारी हाय काय कोन?"

मुंबई

कलादालनाच्या बाईंनी वाकळ उलगडली, फोटो शेजारी धरला. "हे ते नाही."

विजू त्यासाठी मुद्दाम आली होती, मावशींना घेऊन. "नाही," ती म्हणाली. "ते कुणी घालायच्या आधीचं होतं."

बाई झग्याभोवती फिरल्या. एकदा, मग उलट दिशेने. बोटाने एक फासळी ढकलली, ती शेजारणीवर वाजली आणि परत आली. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि मावशी माझा दंड एवढा आवळून धरून होत्या की मला पुन्हा डोणीची आठवण झाली. शेवटी बाईंनी मदतनिसाला हाक मारली. "शिडी आण. हे मधे टांगायचं. लोकांना चारी बाजूंनी फिरता आलं पाहिजे."

प्रदर्शन उघडलं त्या संध्याकाळी एक दाढीवाले गृहस्थ झग्यापुढे बराच वेळ उभे होते. बरोबरच्या मंडळींना समजावून सांगत होते, "ही गर्भिणी आहे. समुद्र, सृजन, आदिमाता. बघा, ती कशी भरून आली आहे." मी शेजारीच होतो. जमेल तेवढं पोट आत ओढून घेतलं होतं.

मावशींनी त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "गर्भीन नाय ओ. पुरनपोळी हाय ती." आणि माझ्याकडे बोट केलं.

त्यानंतर लोक झगा बघून झाला की मला बघायला येऊ लागले.

गर्दी ओसरल्यावर मावशी झग्यापाशी गेल्या. मधल्या फासळीवरून अंगठा फिरवला, होडीचा सांधा तपासताना फिरवतात तसा.

"बायो, देवरुखला काय कळवलंस?"

"अजून काहीच नाही."

"मंग कळव. हात रिकामा नाय म्हनावं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "नि पुढची होडी माज्या मापाची कर. ह्या वयात माजी कंबर काय त्या पांगाऱ्याच्या बाईसारखी नाय. पन ती घालून मलाबी जरा चालून बघू दे."

विजूने आईच्या कमरेभोवती एकदा हात टाकला. मला वाटलं, मायेने. होतीच माया, पण बोटं मापही घेत होती. मग वळून तिने माझ्या बरगडीत कोपर मारलं.

"सुध्या, गेले सगळे. आता श्वास सोड."

मी सोडला. वर तारेवरचं माझं पोट होतं तसंच राहिलं, जेवून उठलेलं, समाधानी, आणि कुणाचीही लाज न बाळगणारं.